मायलोमा, दुरुस्तीची बंद पडलेली जनुकं आणि एक महागडी टेस्ट

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या मामांना (वय ६४, केज तालुका, शेती) मल्टिपल मायलोमा (बोनमॅरोतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) निघालाय. पावसाळ्यापासून कंबर दुखायली म्हणत होते. मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा झाला, इंजेक्शनं झाली. मग हिमोग्लोबिन ८ वर आलं अन् क्रिएटिनिन वाढलं, तेव्हा कुठं संभाजीनगरच्या एका डॉक्टरांनी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघायची टेस्ट) करायला लावलं. त्यात एम-बँड (एकाच साच्यातल्या अँटीबॉडीचा पट्टा) दिसला. बोनमॅरोत प्लाझ्मा पेशी ४० टक्के. आता बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड अन् डेक्सामेथासोन सुरू करायचं ठरलंय. नंतर जमलं तर बोनमॅरो ट्रान्सप्लांट, असं म्हणायलेत.

प्रश्न वेगळाच आहे. एका लॅबच्या माणसानं मावसभावाला गाठून सांगितलं की पेशंटची डीएनए दुरुस्त करणारी जनुकं बंद पडलीत का ते बघणारी मेथिलेशन टेस्ट करून घ्या, त्यावरूनच औषध ठरतं. नुसतं रक्त दिलं की झालं. पैसे एवढे सांगायलेत की सोयाबीनचे आलेले सगळे त्यात जातील. दुसरीकडं गावातले एकजण म्हणायलेत, बंद जनुकं जागी करणारा काढा आहे, तेवढा चालू करा.

माझं शिक्षण बीएस्सी, तेही वनस्पतीशास्त्र. जनुक बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं? अन् या टेस्टनं मामांच्या उपचारात फरक पडणार आहे का? कृपा करून नुसतं 'डॉक्टरांना विचारा' म्हणू नका. डॉक्टरांना काय विचारावं तेच कळंना म्हणून इथं आलोय.

हुरडा

काढेवाल्याला आधी बांधावरूनच परत लावा. मायलोमात किडनी नाजूक झालेली असते. त्या काढ्यात काय आहे, भस्म आहे का, कुणालाच माहीत नसतं. अन् कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घरात असतील तर त्याही उचलून ठेवा. आमच्या चुलत्यांच्या वेळी डॉक्टरांनी पहिली तंबी हीच दिली होती.

सूक्ष्मदर्शी

मूळची परभणीची, आता पुण्यात पेशींवर काम करते. डॉक्टर नाही. औषधांचं इथले रक्तविकारवाले 'बालाघाट' सांगतील, मी पेशीच्या आतलं सांगते. जरा लांबेल.

प्लाझ्मा पेशी ही बी पेशींची शेवटची अवस्था. अँटीबॉडी तयार करणं एवढंच तिचं काम. पण तिथवर पोचण्याआधी या कुळात एक विलक्षण प्रकार घडतो. लसिका गाठींमध्ये बी पेशी स्वतःचाच डीएनए मुद्दाम कापते. एआयडी नावाचं एन्झाइम १४ व्या गुणसूत्रावरच्या अँटीबॉडीच्या जनुकात खाडाखोड करतं, तिथं तुकडे पडतात आणि दुरुस्तीची प्रथिनं ती टोकं पुन्हा जोडतात. जंतूला जास्त घट्ट चिकटणारी अँटीबॉडी मिळते ती या उद्योगातून. शरीरातल्या बहुतेक पेशी याच्या वाटेला जात नाहीत.

कधी तरी एखादं टोक भलत्याच गुणसूत्राला जोडलं जातं. मायलोमाच्या रिपोर्टात टी(४;१४), टी(११;१४), टी(१४;१६) असं लिहिलेलं असतं. टी(४;१४) म्हणजे ४ आणि १४ या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल. सगळीकडे १४ का, याचं कारण हे. ज्या कुळाचं सगळं कापाकापी आणि जोडाजोडीवर चाललंय, तिथं दुरुस्ती ढिली पडली तर काय होईल याचा अंदाज करा.

आता बंद पडण्याबद्दल. जनुकाच्या तोंडाशी प्रोमोटर नावाचा पट्टा असतो. पुष्कळ जनुकांच्या प्रोमोटरमध्ये सी आणि जी ही अक्षरं जोडीनं, दाटीवाटीनं येतात. डीएनएमटी गटातली एन्झाइमं यातल्या सी ला मिथाइल गट चिकटवतात. असे गट दाट झाले की तो पट्टा आवळला जातो आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला तिथं बसता येत नाही. त्या जनुकाचं प्रथिन मग तयारच होत नाही. अक्षर मात्र एकही बदललेलं नसतं. सातबारा डोळ्यांपुढं आणा. गट नंबर तोच, क्षेत्र तेच, मालक तोच, पण इतर हक्कात बोजा चढलाय म्हणून व्यवहार अडलाय. पेशी दुभंगते तेव्हा डीएनएमटी१ हे एन्झाइम तो बोजा नव्या उताऱ्यावरही जसाच्या तसा उतरवतं. म्हणून एकदा बंद झालेलं जनुक पुढच्या पेशींमध्येही बंदच राहतं. म्यूटेशनमध्ये मूळ नोंदच बदललेली असते. इथं बोजा निदान तत्त्वतः तरी उतरवता येतो.

मायलोमात याचा एक छान अभ्यासलेला नमुना आहे. एचएचआर२३बी नावाचं जनुक. त्याचं प्रथिन एक्सपीसी या दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीनं डीएनएच्या धाग्यावर कुठं वाकडंतिकडं झालंय ते हुडकतं. जागा सापडली की बाकीची टोळी येऊन तेवढा तुकडा काढून नवा भरते. यातलं एक्सपीसी जन्मतःच बिघडलेलं असेल तर झेरोडर्मा पिगमेंटोसम नावाचा आजार होतो, साध्या उन्हानं त्वचेचे कर्करोग होतात. एवढं हे काम मोलाचं. २००५ साली दाखवलं गेलं की केएएस-६/१ या मायलोमाच्या पेशींमध्ये एचएचआर२३बीच्या प्रोमोटरवर मिथाइलचा थर बसलाय आणि जनुक गप्प आहे. मिथाइल उतरवणारं रसायन दिल्यावर ते परत चालू झालं.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती इंटरल्यूकिन-६. या पेशी त्याच्या जोरावर वाढतात. बोनमॅरोमधल्या शेजारच्या आधारपेशी इंटरल्यूकिन-६ सोडतात आणि मायलोमाची पेशी त्यावर पोसते, हे आधीपासून माहीत होतं. पुढं दिसलं की हेच रसायन डीएनएमटी१ चं काम वाढवतं. म्हणजे वाढायचा हुकूम आणि दुरुस्ती गप्प करायची सोय एकाच शेजाऱ्याकडून येते.

पण हे सगळं काचेच्या बशीत वाढवलेल्या एका पेशीवंशावरचं काम आहे. तिथून थेट मामांच्या फाइलवर उडी मारता येत नाही.

दुधना

ताई, सातबारा लगेच ध्यानात आला. आता शेतकऱ्याचा प्रश्न. आमच्याकडं कापसावर फवारण्या म्हणजे मोजायच्याच नाहीत, अन् मास्क म्हणजे तोंडाला बांधलेला गमछा. मामांनी पण जन्मभर पंप पाठीला लावला असेल. या बोज्याला फवारणी कारण असू शकते का?

सूक्ष्मदर्शी

प्रश्न बरोबर आहे, उत्तर अर्धंच आहे. मायलोमाच्या आधी एमजीयूएस नावाची मुकी अवस्था असते. रक्तात एम-प्रोटीन सापडतं, पण त्रास काही नसतो. अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या लोकांत ती सुमारे ३ टक्के जणांत आढळली. त्यातले साधारण १ टक्का लोक दर वर्षी मायलोमाकडे किंवा तशाच आजाराकडे सरकतात. २००९ साली आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या कीटकनाशकं फवारणाऱ्या पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा मिनेसोटातल्या सर्वसाधारण पुरुषांच्या तुलनेत त्यांच्यात एमजीयूएस जवळपास दुप्पट, १.९ पट निघालं.

यातून संबंध दिसतो, एका माणसाच्या आजाराचं कारण ठरत नाही. फवारणीमुळे अमुक जनुकावर मिथाइल बसलं असं मामांच्या बाबतीत कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही. गमछ्याऐवजी नीट मास्क, हातमोजे आणि वाऱ्याच्या दिशेचं भान हे मात्र मायलोमा बाजूला ठेवला तरी हवंच.

स्पष्ट बोलू का

एवढं सगळं माहीत आहे तर मग मिथाइल उतरवणारी औषधं देत का नाहीत? बाहेरच्या देशात देत असणार. आपल्याकडं आपलं बोर्टेझोमिबवर भागवा.

बालाघाट

रक्तविकारात काम करतो, अंबाजोगाईकडचा आहे. क्रमानं सांगतो.

बोर्टेझोमिबवर 'भागवत' नाही. ते आणि लेनालिडोमाइड जगभर पहिल्या फळीत आहेत. आपल्याकडं दोन्हींची भारतीय जेनेरिक मिळतात म्हणून तर ती केज तालुक्यातल्या माणसाच्या आवाक्यात आली. बाहेर आता डाराटुमुमॅबही सुरुवातीपासून जोडतात, ते आपल्याकडं महाग पडतं, हे खरं.

मिथाइल उतरवणारी औषधं आहेत. अ‍ॅझासायटिडिन २००४ ला आणि डेसिटाबिन २००६ ला अमेरिकेत मंजूर झालं, पण एमडीएस या बोनमॅरोच्या दुसऱ्या आजारासाठी. मायलोमात ती नेहमीच्या उपचाराचा भाग झाली नाहीत. अडचण अशी की औषध 'फक्त एचएचआर२३बीचा बोजा उतरव' असं ऐकत नाही. सगळ्या गावाचे बोजे उतरायला लागतात, त्यात जी जनुकं बंद असणंच बरं तीही आली. शिवाय मायलोमाच्या पेशीत एकूण डीएनएवरचं मिथाइल निरोगी प्लाझ्मा पेशीपेक्षा कमीच झालेलं असतं. ठरावीक जागी तेवढं दाटलेलं असतं. बाकी काढ्यानं जनुक जागं होतच असेल, तर नेमकं कुठलं ते त्या काढ्याला कोण सांगणार?

दुसरा रस्ता हिस्टोनचा होता. पॅनोबिनोस्टॅट नावाचं औषध, डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या खुणांत फेरफार करतं. बोर्टेझोमिबसोबत दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा काळ सुमारे ८ महिन्यांवरून १२ महिन्यांवर गेला. २०१५ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली. पण जुलाब आणि थकवा एवढा की पेशंट मेटाकुटीला यायचे. २०२२ मध्ये तिथल्या बाजारातून ते काढून घेतलं. तेव्हा कुणी आपल्यापासून काही लपवून ठेवलंय असं नाही.

स्पष्ट बोलू का

ठीक. पण दुरुस्ती बंद असणं वाईट, एवढं तरी कबूल? मग ती चालू करणं चांगलंच असणार ना?

बालाघाट

नाही. या चर्चेतला सगळ्यात कामाचा मुद्दा हाच आहे.

ट्रान्सप्लांटच्या वेळी देतात ते मेलफॅलन. साधारण २०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, किडनी कमजोर असेल तर १४०. हे औषध डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकतं. पेशीला ती गाठ सोडवता आली तर ती जगते, नाही तर मरते. गाठ सोडवायला फॅन्कोनी-बीआरसीए नावाच्या यंत्रणेपासून तुकडा काढून भरणाऱ्या टोळीपर्यंत सगळे लागतात. म्हणजे ज्या पेशीची दुरुस्ती गप्प आहे, तीच मेलफॅलनला बळी पडायची शक्यता जास्त. प्रयोगशाळेत उलटी बाजूही दिसली. २००५ सालीच, मेलफॅलनला दाद न देणाऱ्या मायलोमा पेशींत फॅन्कोनी-बीआरसीए यंत्रणा जोरात चाललेली सापडली. ती अडवली तर पेशी परत औषधाला दबल्या.

तेव्हा आजार घडताना दुरुस्ती गप्प होणं घातक आणि औषध देताना तीच गोष्ट आपल्या बाजूची. मामांच्या पेशींतली दुरुस्ती आज कुणी खरोखरच जागी केली, तर ट्रान्सप्लांटच्या तोंडावर आपण कर्करोगाचीच सोय करू.

सूक्ष्मदर्शी

यात आणखी एक गुंता आहे. मायलोमात सगळीच दुरुस्ती मंद नसते. होमोलोगस रीकॉम्बिनेशन, म्हणजे जुळ्या गुणसूत्राची नक्कल बघून तुटलेला धागा भरायची पद्धत, मायलोमात बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त चालते आणि त्या अतिउत्साहातूनही गुणसूत्रांची अदलाबदल होते. 'दुरुस्ती बंद म्हणून कर्करोग' हे वाक्य ऐकायला सोपं आहे, पण खरं चित्र एक यंत्रणा गप्प आणि दुसरी बेफाम, असं आहे.

बोर्टेझोमिबची गंमत तर वेगळीच. ते पेशीतली नको असलेली प्रथिनं मोडणारी यंत्रणा अडवतं, त्यामुळे तुटलेल्या डीएनएपाशी युबिक्विटिनची खूण पडत नाही आणि ही रीकॉम्बिनेशनवाली दुरुस्ती लंगडी होते. बीआरसीए बिघडलेल्या पेशीसारखी अवस्था, तीही मिथाइलला हात न लावता. अशा पेशी पार्प हे दुरुस्तीचं एन्झाइम रोखणाऱ्या औषधांना हळव्या होतात, असं २०११ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं. पेशंटच्या नेहमीच्या उपचारात अजून ते आलेलं नाही.

मांजराकाठ

ताई, डॉक्टरसाहेब, आता बरंच उलगडायलंय. म्हणजे टेस्ट करू नको, असंच ना? पण लॅबवाला म्हणाला की ब्रेन ट्यूमरमध्ये याच टेस्टवरून औषध ठरतं. मावसभाऊ त्यावर अडून बसलाय. त्याला वाटायलंय, आपण पैशाकडं बघून मामाचं नुकसान करायलोय.

बालाघाट

त्याच्या बोलण्यात खऱ्याचा एक दाणा आहे. ग्लायोब्लास्टोमा नावाच्या मेंदूच्या गाठीत एमजीएमटी जनुकाचं मेथिलेशन बघतात. हे जनुक बंद असेल तर टेमोझोलोमाइड जास्त लागू पडतं, हे २००५ साली नीट सिद्ध झालं. पण टेमोझोलोमाइड डीएनएला जी इजा करतं ती एमजीएमटी एकटं भरून काढतं. मेलफॅलनची गाठ एमजीएमटीच्या हाताबाहेरची आहे. एका आजाराची टेस्ट दुसऱ्याला विकायचा हा प्रकार. मायलोमात कुठल्याही दुरुस्ती-जनुकाच्या मेथिलेशनवरून पहिलं औषध बदलत नाही. पैसे वाचवा.

आणि 'नुसतं रक्त' म्हणाला ना? मायलोमाच्या पेशी मुख्यतः मॅरोत असतात. हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तातला डीएनए बहुतांशी निरोगी पांढऱ्या पेशींचा. त्यात मेथिलेशन मोजून कुणाचं कळणार? मॅरोच्या नमुन्यातूनसुद्धा आधी सीडी१३८ या पेशीवरच्या खुणेवरून प्लाझ्मा पेशी वेगळ्या काढाव्या लागतात. मावसभावाला हाच एक प्रश्न लॅबवाल्याला विचारायला सांगा: सीडी१३८ पेशी वेगळ्या करता का? उत्तर देताना त्याचा चेहरा बघा.

हुरडा

डॉक्टर, मग पैसे कशावर घालायचे तेही सांगून टाका एकदाचं.

बालाघाट

मॅरोवर फिश टेस्ट (गुणसूत्रांतले बिघाड दाखवणारी) झाली का ते आधी बघा. डेल(१७पी), टी(४;१४), टी(१४;१६) आणि १क्यू वाढलंय का, एवढं त्यात हवं. १७पी, म्हणजे १७ व्या गुणसूत्राची आखूड बाजू, गेलं म्हणजे तिथलं टीपी५३ जनुक गेलं, तो आजार जास्त चिवट. रक्तात बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन आणि एलडीएच. हे सगळं मिळून आजाराचा टप्पा ठरतो. सीरम फ्री लाइट चेन (रक्तातले अँटीबॉडीचे सुटे तुकडे मोजणारी टेस्ट) जरूर करा. लघवीच्या साध्या पट्टीवर प्रोटीन 'निल' आलं म्हणून खूश होऊ नका, ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, लाइट चेन तिला दिसतच नाही. क्रिएटिनिन वाढलेलं आहे, तर लेनालिडोमाइडचा डोस त्या हिशोबानं कमी केलाय का, हे विचारा. बोर्टेझोमिबबरोबर नागिणीची लागण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिर असतं. हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड देणार असतील तर आधी दात दाखवून घ्या.

६४ वय ट्रान्सप्लांटच्या आड येत नाही. टाटा हॉस्पिटलचं ट्रान्सप्लांट परळला नाही, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या त्यांच्याच केंद्रात होतं. चिठ्ठी घेतानाच हे विचारून ठेवा, म्हणजे तपोवन एक्स्प्रेसनं मुंबईला उतरून परळ आणि खारघर अशी वणवण होणार नाही. महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून लिहून घ्या. तोंडी नको.

सूक्ष्मदर्शी

फिशमध्ये टी(४;१४) आलं तर तो रिपोर्ट आपल्या या चर्चेशी सरळ जोडलेला आहे बरं का. साधारण १५ टक्के पेशंटांत तो असतो. त्या अदलाबदलीमुळे एनएसडी२ नावाचं एन्झाइम भरमसाट तयार होतं, आणि त्याचं काम हिस्टोनवर मिथाइल लावणं. डीएनएवरच्या मेथिलेशनची गडबडही या गटात सगळ्यात जास्त दिसली आहे. म्हणजे एपिजेनेटिक्समधली (अक्षर न बदलता जनुकांवर पडणाऱ्या खुणांची) जी माहिती आज डॉक्टरांच्या खरोखर उपयोगाची आहे, तिचा मोठा भाग नेहमीच्या फिशमध्येच येऊन जातो.

मांजराकाठ

फिश पाठवलीय म्हणाले, रिपोर्ट यायचाय. काढेवाल्याला मामीनंच परस्पर वाटेला लावलं. मावसभावाला सीडी१३८ चा प्रश्न पाठवला होता. त्यानं लॅबवाल्याला विचारलं, तर 'सरांशी बोलून सांगतो' म्हणाला अन् तेव्हापासून फोन उचलंना.

शेवटचं एक. ट्रान्सप्लांटनंतर कधी आजार उलटला, तर तेव्हा ही गप्प जनुकं जागी झालेली असतात का? म्हणजे तेव्हा तरी ती टेस्ट करावी का?

बालाघाट

मेलफॅलनमधून वाचून परत वाढलेल्या पेशी म्हणजे ज्यांना दुरुस्ती जमली त्या, असा अंदाज करायला जागा आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींत तसं दिसतंही. पण उलटल्यावर आपण मेलफॅलनवर अडून बसत नाही, औषधांचा गटच बदलतो. तेव्हाही मेथिलेशन टेस्टनं निवड ठरत नाही. मॅरो परत काढायची वेळ आली तर फिश मात्र परत करायला सांगा. डेल(१७पी) आज नसलं तरी तेव्हा उगवलेलं असू शकतं, आणि टी(११;१४) असेल तर व्हेनेटोक्लॅक्स या औषधाचा विचार करता येतो.